अर्धा फेरा

हे मी आईला सांगितलेलं नाही. बाबांना नाही, कॉलेजमधल्या एकुलत्या एका मैत्रिणीलाही नाही. एकदा डायरीत लिहायला घेतलं होतं, पण इंग्रजीत. इंग्रजीत ते इतकं स्वच्छ, इतकं नीटनेटकं दिसायला लागलं की मी ते पान फाडून टाकलं. म्हणून आज मराठीत लिहितेय. माझं मराठी शाळेतलं नाही, घरातलं आहे. अडखळले तर अडखळू द्या.

कुठून सुरू करू? एका शब्दापासून करते. इंज्युरी.

तुम्ही हा शब्द रोज ऐकत असाल. टीव्हीवर क्रिकेट चालू असतं तेव्हा, कुणाचा तरी गुडघा किंवा खांदा दुखावलेला असतो तेव्हा. बाबांच्या कंपनीत गेटजवळ एक फळा होता, त्यावर किती दिवसांत एकही इंज्युरी झाली नाही ते खडूनं लिहिलेलं असायचं. आमच्या शाळेत — सातपूरच्या आमच्या कॉलनीतून इंग्रजी शाळेत जाणाऱ्या दोन-तीन मुलींपैकी मी एक होते — वहीच्या डाव्या बाजूला शब्द आणि उजव्या बाजूला मराठी अर्थ लिहायची पद्धत होती. मी लिहिलं होतं: इजा, दुखापत. अर्थ पाठ होता. पण घरात कुणीही इजा म्हणत नव्हतं. दुखापत पेपरात असायची, खेळाडूंना व्हायची. आमच्या घरात माणसाला नुसतं लागायचं.

हे मला कळलं ते आठवीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत. मी सायकलवरून पडले, गुडघा सोलवटला, आणि घरात येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, मला गुडघ्याला इंज्युरी झाली.

घरात त्या दिवशी सुनंदाताई आलेली होती. माझी मामेबहीण. कळवणपासून सात-आठ किलोमीटरवर मामाचं गाव आहे, तिथून ती दहावीची परीक्षा देऊन आली होती. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. उंच, हसरी, सगळ्यांशी पाच मिनिटांत ओळख करून घेणारी. मी दारात कोण आलंय ते पडद्याआडून बघणारी. आम्ही दोघी एका घरात म्हणजे काय, ते तुम्हाला एवढ्यावरून कळेल.

ती हसली. वाईट हसली नाही, आज मला तसं म्हणता येत नाही. तिनं मला खाली बसवलं, गुडघा धुतला आणि विचारलं, इंज्युरी म्हणजे कोणती गं? खरचटलं, का कापलं, का मुका मार बसला? मला फरक माहीत नव्हता. मग ती बोटांवर मोजायला लागली. खरचटणं वेगळं, सोलणं वेगळं, ठेच लागणं वेगळं, चेंगरणं वेगळं, चिमटणं वेगळं, मुरगळणं वेगळं. मुका मार म्हणजे वरून काही दिसत नाही आणि आत ठणकतं तो. "तुमच्या इंग्रजीत सगळ्याला एकच का? मग डॉक्टरला कळतं कसं, काय झालंय ते?"

आई हसली. बाबासुद्धा हसले. मी काही बोलले नाही. मी कधीच काही बोलत नसे, तेव्हा कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

त्यानंतर तो शब्द घरात राहायला आला. भाजी निवडताना ती एखादं किडकं वांगं उचलायची आणि म्हणायची, "आत्या, याला इंज्युरी झालीय." बाबांच्या स्कूटरला इंज्युरी झाली. चहाच्या कपाच्या कानाला झाली. शेजारच्या निकम काकूंपर्यंत ते पोचलं, आणि एक दिवस जिन्यात त्यांनीच मला विचारलं, "काय इंज्युरीबाई, बरा झाला का गुडघा?" साधी चेष्टा होती. इतर कुणी मुलगी असती तर तीही हसली असती, चार उलट बोलली असती. मी जिन्यात उभी राहून मान हलवली आणि घरात येऊन बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिले. किती वेळ, ते आठवत नाही.

यामुळे मी ते केलं का? एवढ्यासाठी? नाही. निदान एवढ्यासाठीच नाही. दुसरी गोष्टही सांगायला हवी.

सुनंदाताई सुट्टीपुरती आली नव्हती. तिला नर्स व्हायचं होतं. त्यासाठी अकरावी-बारावी सायन्स नाशिकला करायचं, आमच्याकडे राहायचं, असं मामा आणि बाबांच्यात ठरत होतं. मामाचं मन पुरतं झालेलं नव्हतं. मुलगी एकटी शहरात, बहिणीच्या घरी असली तरी शहरात. मामी तर नकोच म्हणत होती. पण सुनंदाताईनं दोन वर्षं लावून धरून, रोज थोडं थोडं बोलून मामाला इथपर्यंत आणलं होतं. मे महिना तिनं आमच्याकडे राहून दाखवायचं, नीट वागून दाखवायचं, घरातलं काम करून दाखवायचं, आणि निकाल लागला की मामा येऊन पक्कं करणार. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

आणि ती राहणार होती माझ्या खोलीत.

ती खोली तुम्ही पाहिली असती तर हसला असता. एक कॉट, एक टेबल, आणि खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. पण दार लावता येत होतं. त्या घरात, त्या कॉलनीत मला एवढी एकच जागा होती जिथे कुणी मला काही विचारत नसे. बाबांनी एका संध्याकाळी टेप घेऊन खोली मोजली, दुसरी कॉट बसेल का बघायला. टेबल बाहेर काढलं तर बसत होती. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते.

आता तो दिवस.

मे महिन्यात आमच्या कॉलनीत शेवया व्हायच्या. मशीन निकम काकूंचं होतं, लोखंडी, जड. ते एका बाकड्याला आवळून बसवलेलं असायचं आणि घरोघरी फिरायचं. ज्या घराची पाळी त्यांच्या गच्चीवर सकाळी सहालाच जमायचं, कारण ऊन चढायच्या आत शेवया पसरून झाल्या पाहिजेत. मशीनला वर एक तोंड, त्यात मळलेल्या रव्याचे गोळे टाकायचे. आत लोखंडी पेच. एकीनं बाजूचं हँडल फिरवायचं, की पेच गोळा पुढे ढकलतो आणि खालच्या जाळीतून शेवया लोंबत येतात. त्या तिसरीनं काठीवर झेलायच्या आणि दोन खुर्च्यांमध्ये टांगायच्या.

गोळा आत ढकलायला एक लाकडी दांडका होता. पण पीठ तोंडाला चिकटून बसलं की दांडक्यानं भागायचं नाही, मग सगळ्याजणी बोटानंच साफ करायच्या. त्यासाठी एक पद्धत होती. गोळा टाकणारी म्हणायची "थांब", फिरवणारी हात थांबवायची. बोटं बाहेर आली की ती म्हणायची "हं". मग पुढे फिरवायचं. थांब, हं. थांब, हं. सकाळभर गच्चीवर हेच दोन शब्द. इतके वेळा की ते शब्द राहायचे नाहीत, हँडलचाच भाग व्हायचे. त्या मशीनवर कित्येक वर्षांत कुणाला काही झालं नव्हतं, ते या दोन शब्दांमुळेच.

सुनंदाताई गोळे टाकत होती. मी फिरवत होते. काकू झेलत होत्या, आई चादरीवर शेवया मोकळ्या करत होती. मी दमले होते, हँडल जड होतं. सुनंदाताई म्हणाली, "हळू गं बाई, हाताला इंज्युरी होईल." काकू खूप हसल्या. आईनं मान खाली घातली, पण तिचे खांदे हलत होते. मग ताई काकूंना सांगायला लागली, जूनपासून मी इथेच आहे, पुढच्या वर्षीच्या शेवयाही मीच घालणार, आत्यानं कॉटसुद्धा सांगून ठेवलीय.

थोड्या वेळानं आई दुसरं पीठ आणायला खाली गेली. काकूंचं दूध गॅसवर होतं, त्याही गेल्या. गच्चीवर आम्ही दोघीच. ताई म्हणाली, त्या येईपर्यंत एवढा एक गोळा उरकू.

तिनं गोळा टाकला. मी फिरवलं. पीठ चिकटलं. ती म्हणाली, "थांब."

मी थांबले.

तिची दोन बोटं आत गेली. अंगठ्याशेजारचं आणि मधलं. ती मान वाकवून आत बघत होती, वेणी पुढे आली होती, ती तिनं दुसऱ्या हातानं मागे टाकली. मला हे सगळं दिसत होतं. ती "हं" म्हणाली नव्हती.

मी अर्धा फेरा दिला.

मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं, हातात जोर उरलेला होता, हँडल आपोआप पुढे गेलं. नाही गेलं. ते जड होतं, आपोआप जाण्यासारखं नव्हतंच. मग सांगितलं, तिला घाबरवायचं होतं, एवढंच. असेल. तिचं बोट चिरडावं असं मला वाटलं होतं का? तसं मला वाटलं नव्हतं. पण बोटं आत आहेत हे मला दिसत होतं, आणि मी फिरवलं. या दोन वाक्यांच्या मधे मी चौदा वर्षं राहिले आहे.

ती ओरडली नाही. तिनं श्वास आत घेतला, तसला आवाज झाला. मग तिनं स्वतःच माझा हात धरून हँडल उलटं फिरवलं. माझा हात धरून! बोटं बाहेर आली तेव्हा रव्यानं पांढरी होती, आणि मग पांढरी राहिली नाहीत. ती खाली बसली. मला म्हणाली, "आत्याला बोलाव. पळू नको, जिन्यात पडशील."

हॉस्पिटल त्र्यंबक रोडला होतं. रिक्षात आईनं तिचा हात ओल्या पंच्यात धरून ठेवला होता. डॉक्टर केरळकडचे, नुकतेच आलेले. मराठी त्यांना फारसं येत नव्हतं, हिंदी तोडकंमोडकं. आई घाबरून हिंदी विसरली होती. तिनं मला पुढे केलं. "हिला विचारा, हिला इंग्रजी येतं."

डॉक्टरांनी मला इंग्रजीत विचारलं, ही इंज्युरी कशी झाली?

मी शाळेतसुद्धा इतकं नीट इंग्रजी कधी बोलले नव्हते. एकही चूक झाली नाही. मी सांगितलं, शेवयांचं मशीन आहे, हातानं फिरवायचं. मी फिरवत होते. हिनं न सांगता बोटं आत घातली. आत घालू नकोस असं मी तिला आधी सांगितलं होतं. ती थोडी निष्काळजी आहे.

सुनंदाताई माझ्यापासून दोन हातांवर टेबलावर बसली होती. आई तिच्या पाठीवर हात ठेवून उभी. मी त्यांच्यासमोर, त्यांना ऐकू जाईल असं, हे सगळं बोलले. खोटं बोलताना माणसं आवाज खाली आणतात ना? मला त्याची गरज पडली नाही. सुनंदाताई माझ्याकडे बघत होती, आणि त्या दुखण्यातही तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं. मला म्हणाले, छान सांगितलंस.

आईनं विचारलं, काय म्हणत होते? मी म्हणाले, कसं झालं विचारत होते. तू काय सांगितलंस? मी म्हणाले, मशीनमध्ये बोट गेलं. हे खोटं नव्हतं. मराठीत मी खोटं बोललेच नाही, हवं तर तसंही म्हणता येईल. मी पुढे बरेच दिवस तसं म्हणत होते.

अंगठ्याशेजारच्या बोटाचं वरचं पेर काढावं लागलं. मधलं बोट वाचलं, पण ते पुढे कधी वाकलं नाही. पट्टी बांधली जात होती तेव्हा सुनंदाताई त्या सिस्टरच्या हातांकडेच बघत होती, कुठून वळसा घेते, कुठे गाठ मारते. नंतर मला म्हणाली, "आपल्याला वाटतं सोपं असतं, पण बघ किती पद्धत असते." त्या रात्री ती माझ्या कॉटवर झोपली आणि मी खाली.

तिसऱ्या दिवशी मामा आला.

मामा मोठ्यानं बोलणारा माणूस नाही. त्यानं आधी पोरीचा हात बघितला, मग पाणी मागितलं, मग बाहेरच्या खोलीत सगळ्यांना बसवून विचारलं, झालं कसं? आईनं सांगितलं ते तिला माहीत होतं तेवढंच, म्हणजे ती खाली होती, मी ओरडत गेले. मग मामानं सुनंदाताईलाच विचारलं.

"थांब म्हणली होती का नाय तू?"

सुनंदाताईनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आठवण करून द्यायला बघतात तसं. "म्हटलं होतं ना गं मी?"

आता बघा. इथे मला सगळं सांगता आलं असतं. अगदी सगळं नाही तरी एवढंच — हो, ती थांब म्हणाली होती, माझा हात चुकून फिरला. "चुकून" म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेराव्या वर्षी चुकून फिरलेल्या हातासाठी मला कुणी काय केलं असतं? आई दोन दिवस बोलली नसती. काकूंनी कॉलनीत सांगितलं असतं. संपलं असतं. आणि ती राहिली असती.

हे मला तेव्हा कळत होतं. ती राहिली असती, हेच मला सगळ्यात स्पष्ट कळत होतं.

मी म्हणाले, "मला नाही ऐकू आलं."

सुनंदाताई आपल्या पट्टीकडे बघत राहिली. मी तिच्या चेहऱ्यावर ते होताना पाहिलं, म्हणजे ती तो क्षण पुन्हा आठवून बघत होती, आणि आठवता आठवता तो तिच्या हातून निसटत होता. मग ती हळूच म्हणाली, "नसेल म्हटलं मग. गप्पांत होते मी."

बाबा म्हणाले, अहो, पोरींच्या जातीला असं होतंच, घरातलं मशीन आहे, त्याचा आणि शिक्षणाचा काय संबंध? मामानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दाजी, जिचं स्वतःच्या हाताकडे लक्ष नाय, तिला मी शहरात कशी सोडू? उद्या रस्ता ओलांडताना काय करंल ती? दवाखान्यात दुसऱ्याच्या पोराला सुई टोचंल, तेव्हा काय करंल?"

त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, बाबा आणि ते दोघं सीबीएसच्या बसस्टँडवर गेलो. कळवणच्या गाडीत तिला खिडकी मिळाली. ती रडली नाही, पण गावाकडची माणसं निघताना जे बोलतात, "ये गं सुट्टीत", "पत्र टाक", त्यातलं काहीही ती बोलली नाही. गाडी सुटेपर्यंत समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होती. मी घरी आले, खोलीचं दार लावलं. टेबल होतं तिथेच होतं. मी वर्षभर त्या टेबलावर अभ्यास केला आणि नववीत वर्गात तिसरी आले.

आई पुढे कितीतरी दिवस लोकांना सांगायची, आमच्या पल्लवीनं त्या डॉक्टरांशी फाडफाड इंग्रजीत बोलून सगळं समजावलं, नाहीतर आम्ही काय करणार होतो. मी शेजारी उभी असायचे. लाजाळू आहे म्हणून मान खाली घालते, असं सगळ्यांना वाटायचं.

सुनंदाताईला दहावीला एकाहत्तर टक्के पडले. कळवणला अकरावीत नाव घातलं, आर्ट्सला. डाव्या हातानं लिहायचा प्रयत्न केला, मग उजव्याच हातानं पण पेन अंगठा आणि तिसऱ्या बोटात धरून लिहायला शिकली. बारावीच्या आधीच लग्न झालं. मी लग्नाला गेले होते. मेंदी काढणारीनं त्या बोटाशी क्षणभर हात थांबवला, तर तीच म्हणाली, "काढा हो, तेवढी मेंदी वाचली तुमची." सगळ्या हसल्या. नात्यात आता तिची ती ओळखच झाली होती. हिचं लक्ष नसतं. दूध उतू गेलं, किल्ली हरवली, ती घाईत काही विसरली, की कुणीतरी तो हात दाखवायचं. तिच्या सासूला मी स्वतः म्हणताना ऐकलं आहे, लहानपणापासून धांदरट आहे, बोट बघा ना. ताई मान डोलवायची. वाद घालण्यासारखं तिला त्यात काही दिसत नसावं.

इथे थांबले तर तुम्ही म्हणाल, लहान होतीस. मलाही तसंच म्हणायचं होतं. पण जे सांगायला बसले ते हे नाही. किंवा हे आहे, आणि पुढचंही आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. मी आता नोकरी करते, एका ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार बघते. सुनंदाताई तिच्या मुलीला घेऊन आली. मुलगी हुशार आहे, तिला पाचवीपासून नाशिकला शिकवायचं तिनं मनात घेतलं होतं. नवरा तिकडची शेती सांभाळेल, ही मुलीबरोबर इथे एक खोली घेऊन राहील. त्यासाठी काम हवं. एका खाजगी हॉस्पिटलात मदतनीस बायका घेत होते. पेशंटला उठवायचं, बसवायचं, चादरी बदलायच्या. नर्सचं नाही, पण दवाखान्यातलं. ती हे दोनदा म्हणाली, दवाखान्यातलं आहे गं. तीस वर्षांची होत आली होती, आणि नवी चप्पल घालून आली होती.

फॉर्म इंग्रजीत होता. तिनं तो पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवला. माझ्याशिवाय तिला दुसरं कोण होतं?

नाव, पत्ता, शिक्षण. मग तब्येतीचं. एका ओळीत विचारलं होतं, जुनी काही इंज्युरी असल्यास ती कोणती, आणि कशामुळे झाली. मी तिला मराठीत सांगितलं. तिनं हात टेबलावर ठेवला, आपल्या हाताकडे बघितलं आणि लगेच म्हणाली, "जे खरं आहे ते लिही. माझ्याच हलगर्जीपणानं झालं."

मी म्हणाले, असं लिहायची गरज नसते. नुसतं अपघात लिहिलं तरी चालतं.

"नको, नंतर विचारलं तर खोटं नको निघायला. दवाखान्याचं काम आहे."

घरात आम्ही दोघीच होतो. तिची मुलगी आतल्या खोलीत काहीतरी वाचत होती. दुपारचे तीन वाजले होते, घाई कशाचीच नव्हती. माझ्या हातात पेन होतं. आता मी तेरा वर्षांची नव्हते, आता माझी स्वतःची खोली होती, पगार होता, मला कुणी घरातून काढणार नव्हतं. मला भीती कशाची होती? मी खरंच शोधलं आहे. शिक्षेची नव्हती. ती माझ्याकडे कशी बघेल, त्याची होती. तेवढीच. एका नजरेची.

मी लिहिलं. स्वच्छ अक्षरात, इंग्रजीत — स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. डॉक्टरांसमोर वापरलेलाच शब्द, या वेळी शाईनं.

"बरोबर लिहिलंस ना?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले. तिनं अंगठा आणि तिसऱ्या बोटात पेन धरलं आणि खाली सही केली.

तिला ते काम मिळालं नाही. दुसऱ्या बाईला घेतलं. त्या ओळीमुळे की हातामुळे, की आणखी कशामुळे, मला माहीत नाही. मी माहीत करून घ्यायचा प्रयत्न केला नाही. तिनं फोनवर सांगितलं, जाऊ दे, आपल्यासारख्या धांदरट बाईच्या हातात कोण पेशंट देणार? आणि हसली. मुलगी कळवणच्याच शाळेत आहे.

कधी कधी मला वाटतं, तिला ठाऊक आहे. तिनं माझा हात धरून हँडल उलटं फिरवलं होतं, तेव्हाच तिला कळलं असेल, आणि ती मला सांभाळत आली असेल. मग लक्षात येतं, हे मला वाटत नाही, मला तसं हवं आहे. तिला ठाऊक असलं तर मला सांगावं लागणार नाही.

तिला ठाऊक नाही. ती थांब म्हणाली होती, मला ऐकू आलं होतं, आणि मी फिरवलं. हे तिचं आहे, आणि ते मी अजून तिला दिलेलं नाही. तुम्हाला सांगितलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगता आलं.

कळवणला जायला अडीच तास लागतात. गाड्या दिवसभर असतात.